दोराला हात लावला त्याचा वाटा

गेल्या दिवाळीनंतर देवबागला, माझ्या आजोळी, गेले होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, निम्म्याहून जास्त आत आली होती आणि दोन्ही दोरांवर माणसं कमी पडत होती. किनाऱ्यावर फोटो काढत फिरणारं एक तरुण जोडपं जवळ आलं, थोडा वेळ नुसतं बघत उभं राहिलं. मग त्या मुलाने चपला काढून वाळूत ठेवल्या, मुलीने ओढणी कमरेला बांधली आणि कुणी न बोलावता दोघंही दोराला लागली. पाऊण तास त्यांनी दोर ओढला. सवय नसलेल्या हाताचे तळवे ओल्या, वाळूभरल्या दोराने कसे सोलवटतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते.

मासळी वर आली, टोपल्यांत भरून झाली, तेव्हा मामाने सहा बांगडे आणि मूठभर तारल्या एका पिशवीत घालून त्या मुलाच्या हातात दिल्या. मुलाने लगेच फोन काढला. "काका, स्कॅन कुठे करू?"

मामाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "पैसे कित्याक? दोराक हात लावलास मा? ह्यो तुझो वाटो."

मुलगा भला होता. त्याने हात जोडले, "थँक यू काका, खूप छान गिफ्ट दिलंत," म्हणाला आणि दोघं आनंदात निघून गेली. मामा बराच वेळ गप्प होता. जाळं धुता धुता एकदम माझ्याकडे बघून म्हणाला, "गिफ्ट न्हय गे ता."

त्या एका वाक्यासाठी हे लिहायला बसले आहे. वाटा म्हणजे काय हे सांगायचं तर रापण कशी बनते आणि कशी ओढतात इथूनच सुरुवात करावी लागते, कारण वाटणीचा हिशोब जाळ्याबरोबरच शिवला जातो.

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, वाळूची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. संगमापलीकडे भोगवे, त्यापुढे निवती. काही ठिकाणी समुद्राकडच्या घरातून निघून माडांच्या बागेतून खाडीकडे पोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. भातशेतीला अशी जागा नाहीच. माझे आजोबा गाबीत, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजातले, आणि रापणकर. आम्ही मुंबईत वाढलो, पण दिवाळीची सुट्टी ठरलेली देवबागची, आणि दिवाळीचे दिवस म्हणजे रापणीचे ऐन दिवस. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो. पावसाळ्यात खालचं गार, सकस पाणी वर आलेलं असतं, त्यावर सूक्ष्म जीव माजतात आणि ते खायला तारली, पेडवे, बांगडे थव्याथव्याने काठाजवळ येतात. रापणीला एवढंच हवं असतं, कारण रापण माशाच्या मागे खोल पाण्यात जाऊ शकत नाही.

रापण हा शब्द तिकडे तीन अर्थांनी चालतो: ते जाळं, ते ओढण्याचं काम आणि ते ओढणाऱ्यांचा संघ. "आमची रापण" असं म्हणणारा माणूस या तिन्हींतलं नेमकं कशाबद्दल बोलतोय हे पुष्कळदा त्यालाही वेगळं काढून सांगता येणार नाही. गोव्यातही रापणच, आणि ओढणारे रापणकार. कारवारकडे गेलं की तीच रांपणी होते. केरळात कंबावला, तमिळनाडूत करैवलै, श्रीलंकेत मादेल. जिथे जिथे मोकळा, वाळूचा, खडक नसलेला किनारा आहे तिथे तिथे माणसांनी हे जाळं ओढलं आहे. खडक मात्र चालत नाही. एक खडक तळाला असला की जाळं अडकतं, फाटतं, आणि फाटलेल्या जागेतून आख्खा थवा निघून जातो.

आमच्या रापणीचं जाळं पाऊण किलोमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंचे ओढायचे दोर वेगळे. एवढं जाळं एका घरात मावत नाही आणि एका घराच्या मालकीचंही नसतं. आजोबांच्या तरुणपणी प्रत्येक वाटेकरी आपल्या घरी विणलेले तुकडे घेऊन यायचा आणि ते सगळे किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीत, एकमेकांना जोडले जायचे. घरच्या बायका तागाचा धागा वळायच्या, पुरुष संध्याकाळी ओट्यावर बसून विणायचे. मी पाहिलं ते नायलॉनच्या दिवसांत, दुरुस्तीपुरतं, पण हात तेच होते. आजोबांच्या उजव्या हातात बांबूची चपटी सुई, तिच्या पोटात धागा गुंडाळलेला. डाव्या हातात लाकडी पट्टी. पट्टीची रुंदी हे आसाचं, म्हणजे जाळ्याच्या एकेका भोकाचं, माप. वरच्या ओळीतल्या फासातून सुई खालून वर काढायची, फासाच्या मानेमागून धागा फिरवायचा, स्वतःच्याच धाग्याखालून ओढायचा आणि आवळायचा. ताण येईल तशी ही गाठ अधिक घट्ट बसते. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे त्यावर एका वेढ्याची गाठ सरकते, म्हणून आजोबा दोन वेढे घ्यायचे आणि दर वेळी तोंडातल्या तोंडात नायलॉनला काहीतरी बोलायचे.

जाळं विणणं ही अर्धीच गोष्ट. खरी कसोटी ते दोरावर चढवण्यात असते, आणि हे मला फार उशिरा कळलं. जाळं दोराएवढंच लांब घेतलं तर ते ताणलं जातं, आस मिटतात आणि पाण्यात फळीसारखी भिंत उभी राहते. तिला पाणी ढकलतं, ती आडवी होते. म्हणून जाळं दोरापेक्षा बरंच लांब घ्यायचं आणि ठरावीक अंतरावर चुणी घालत घालत बांधायचं, परकराला घालतात तशा. मग प्रत्येक आस उघडा राहतो, पाणी आरपार जातं, जाळं सैल पोटाने उभं राहतं. चुणी किती घालायची याचं माप आजोबांच्या बोटांत होतं. चार बोटं, बांध. चार बोटं, बांध. पाऊण किलोमीटर.

वरच्या दोराला तरंगणारे ठोकळे. पूर्वी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचे, आता प्लॅस्टिकचे. खालच्या दोराला वजनं: कधी भोक पाडलेले दगड, कधी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, नंतर शिसं. खालचं वजन कमी पडलं तर जाळ्याचा काठ तळापासून उचलला जातो आणि मासळी त्या फटीतून निघून जाते. जास्त झालं तर काठ वाळूत रुततो, आणि चाळीस माणसं लागली तरी जाळं हलत नाही. या दोन चुकांच्या मधला रस्ता प्रत्येक किनाऱ्यासाठी वेगळा असतो, त्यामुळे एका गावचं जाळं दुसऱ्या गावात जसंच्या तसं चालत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. जाळ्याचे दोन्ही हात मोठ्या आसाचे असतात आणि मधला भाग, जिथे शेवटी मासळी गोळा होते, तो बारीक आसाचा. हातांचे आस एवढे मोठे की बांगडा मनात आणलं तर सरळ पार जाईल. तो जात नाही. समोर भिंतीसारखं काही हलताना दिसलं की तो वळतो आणि भिंतीच्या कडेकडेने आत, मधल्या भागाकडे पोहत राहतो. जाळ्यापर्यंत पोचायच्या आधी नुसता दोर तळावरून घासत येतो, वाळूचा धुरळा उठतो, आणि त्यालाही मासे बिचकतात. म्हणजे रापणीचा बराचसा भाग मासे धरतच नाही, त्यांना वळवतो. धरणारा भाग अगदी थोडा. मी लहानपणी मामाला विचारलं होतं, की मग मासे मूर्ख असतात का? तो म्हणाला, "नाय गे. भियेलेलो मासो भोक बघणा नाय."

तागाच्या काळात जाळ्याची देखभाल हे रोजचं काम होतं. रोज धुवायचं, रोज वाळूवर पसरून सुकवायचं, आणि दर काही दिवसांनी झाडाच्या सालीच्या उकळत्या काढ्यात बुडवून काढायचं. सालीतल्या तुरटपणाने धागा कुजायला वेळ लागतो. आई सांगते, काढा करायच्या दिवशी किनाऱ्यावर चुली पेटायच्या, मोठाल्या भांड्यांत काळपट तांबडं पाणी रटरटायचं आणि बापयांचे हात पुढचे चार दिवस तसेच तांबडे राहायचे. नायलॉन आलं आणि हे सगळं संपलं. मला त्याबद्दल खंत करावीशी वाटत नाही. ज्यांनी ते काम केलं त्यांच्या कमरा त्याने मोडल्या होत्या. फक्त एक गोष्ट बदलली. पूर्वी ज्याच्याकडे पैसे नव्हते तोही घरी वळलेल्या, विणलेल्या तुकड्याच्या जोरावर वाटेकरी होऊ शकत होता. यंत्रावर विणलेलं जाळं विकत घ्यावं लागतं. ते घ्यायला आजोबांच्या संघाने पहिल्यांदा कर्ज काढलं.

पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि काठाजवळचं पाणी सपाट असतं. तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, अंधार असतानाच किनाऱ्यावर येऊन उभा राहायचा. उजाडलं की पाण्याचा रंग बघायचा. थवा वर आला की त्या जागेचं पाणी काळसर दिसतं, कधी तांबूस, आणि वारा नसतानाही त्यावर बारीक शहारे उठतात. वर कुरव घिरट्या घालत असतील तर अजून बरं. डॉल्फिन दिसले तर तांडेल तोंड वाकडं करायचा, कारण थवा आहे हे खरं, पण तो फुटणार हेही खरं. मी कितीतरी सकाळी त्याच्या शेजारी उभं राहून डोळे ताणले आहेत. मला समुद्रच दिसायचा.

होडी म्हणजे रुंद, उथळ, लाकडी. आजोबांच्या वेळची होडी खिळ्यांची नव्हती. फळ्यांना कडेने भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत. जाळ्याने भरलेली जड होडी लाटेवरून येऊन वाळूवर आदळते तेव्हा खिळ्याचा सांधा उसवतो. शिवलेली होडी जराशी लवते आणि तो दणका अंगावर घेते. तिला पाण्यात न्यायला ओंडक्यांवरून ढकलायची, आणि त्यालाच दहा-बारा माणसं लागायची.

एका दोराचं टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात देऊन होडी निघते. वल्हेकरी सरळ आत जातात, दोर सुटत राहतो. दोर संपला की जाळं सोडायला सुरुवात. दोन माणसं होडीत उभी राहून जाळं पाण्यात सोडतात, एक ठोकळ्यांकडचं, एक वजनांकडचं, आणि दोघांचा वेग एकच हवा, नाहीतर पीळ पडतो. होडी थव्याच्या समुद्राकडच्या बाजूने अर्धवर्तुळ घेते. या वेळी कुणी बोलत नाही. वल्ह्यांचा आवाजही शक्य तेवढा कमी. मग होडी दुसऱ्या बाजूने दोर सोडत किनाऱ्याला लागते, पहिल्या टोकापासून चांगल्याच अंतरावर. आता अर्धवर्तुळाची दोन टोकं जमिनीवर आहेत आणि मधे समुद्राचा एक तुकडा बंद झाला आहे.

कोचीला गेले तेव्हा किनाऱ्यावरची चीनी जाळी तासभर बघत बसले होते. मोठ्या लाकडी सांगाड्याला टांगलेलं जाळं पाण्यात उतरवायचं, काही मिनिटं थांबायचं, मग दगडांच्या प्रतिवजनावर चार-सहा माणसांनी ते उचलायचं. सुंदर यंत्र आहे ते. पण ते एका जागी उभं राहून वाट बघतं, आणि मी रापणीत वाढल्यामुळे माझी नजर सारखी दोर शोधत होती, ज्याला कुणीही येऊन हात लावावा असा.

तो दोर ओढायची रीत मला आजोबांनी शिकवली. "दोर हातान वडूचो नाय, पाठीन वडूचो." हाताने फक्त धरायचं, कंबर टेकवायची, मागे झुकायचं आणि टाचा वाळूत रोवत एकेक पाऊल मागे जायचं. रांगेत सगळ्यात मागे पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पुढे पाण्यापर्यंत जातो आणि पुन्हा पहिला होतो. अशी रांग फिरत राहते. तास, दीड तास. ओढता ओढता पाणी जाळ्याला उत्तरेकडे नाहीतर दक्षिणेकडे ओढत असतं, त्यामुळे दोन्ही रांगा किनाऱ्याने त्या दिशेला सरकतात. शिवाय दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येत राहायला हव्यात, कारण जाळ्याचं तोंड मिटायचं आहे.

आणि दोन्ही टोकं बरोबर यायला हवीत, एवढ्यावर सगळं उभं आहे. एक बाजू जोरकस आणि एक बाजू दुबळी झाली तर जाळ्याचा मधला, बारीक आसाचा भाग बाजूला सरकतो, थवा मोठ्या आसाच्या हातासमोर येतो आणि उथळ पाण्यात घाबरलेला मासा शेवटी भोकही शोधतो. म्हणून तांडेल मधे उभा राहून दोन्हीकडे बघत ओरडत असतो: खालचे थांबा, वरचे वडा. लहानपणी मला वाटायचं तो उगीच ओरडतो. पुढे कळलं की जोरात ओढणाऱ्या बाजूला थांबवणं हे त्याचं सर्वांत मोठं काम आहे. माणूस कमी पडलेल्या बाजूला तो मग ज्याला दिसेल त्याला बोलवायचा. शाळेत निघालेली पोरं, टोपल्या घेऊन लिलावाला आलेल्या बायका, रस्त्याने जाणारा पोस्टमन. सगळे दोराला लागायचे, कारण त्यांच्यावाचून तो दिवस सगळ्यांचाच फुकट जाणार असायचा.

जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं की सगळं एकदम वेगाने होतं. "तळच्या दोरार पाय ठेय!" खालचा दोर पायाखाली दाबून धरायचा, वरचा दोर हाताने उचलायचा, म्हणजे मासे खालून सरकत नाहीत आणि वरून उडी मारत नाहीत. काही जण जाळ्याच्या मागून पोहत पाणी बडवत येतात. आतलं पाणी उकळल्यासारखं होतं. मग ती चांदीची, निळ्या-हिरव्या पट्ट्यांची रास वाळूवर. बांगडे, तारल्या, पेडवे, मधेच एखादी कर्ली, मुडदुशे, माकुल, चार कुर्ल्या, एखादं वागळं. कासव अडकलं असेल तर त्याला आधी सोडायचं. केंड आले असतील तर सगळ्यांचे डोळे जाळ्याकडे जातात, कारण केंडाचे दात जाळं कुरतडतात. कारवारच्या रांपणीत मोठा थवा सापडला की सगळी मासळी एकदम न काढता जाळं पाण्यातच कुंपणासारखं उभं ठेवायचे आणि लहान जाळ्याने लागेल तशी मासळी काढत राहायचे, कधी दोन-तीन दिवस. समुद्रातच पेव केल्यासारखं.

आता वाटणी. लिलाव झाला की पैशाचे वाटे पडायचे: जाळ्याचा, होडीचा आणि माणसांचा. तांडेलाला थोडं जास्त. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि त्यावर भांडणंही व्हायची, अगदी वर्षभर अबोला धरण्याइतकी. ती लपवायचं कारण नाही. पण लिलावाच्या आधी कालवणाची मासळी बाजूला निघायची, आणि त्या राशींवर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. वाळूवर लहान लहान ढीग. आलेल्या प्रत्येकाचा एक. आजारी असलेल्याचा एक. ज्या घरचा रापणकर गेला त्या घराचा एक, कारण त्याने विणलेला तुकडा अजून जाळ्यात आहे. आणि दोराला हात लावला त्याचा एक, मग तो कुणीही असो.

माझा पहिला वाटा मी सात वर्षांची असताना मिळाला. दोन बांगडे. मी दोराला नुसती लोंबकळले होते, माझ्याने दोराला मदत झाली की अडचण हे सांगता येणार नाही. आजीने ते दोन बांगडे वेगळे ठेवले, तिरफळं घालून वेगळ्या वाडग्यात त्यांचं तिखलं केलं आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं, "ह्या आमच्या चेडवान हाडलेला." घरात मासळी टोपलीभर होती. तरी आजोबांनी माझ्या वाडग्यातला एक तुकडा मागून घेतला.

मामाचा चेहरा त्या दिवशी का उतरला ते मला इथून कळतं. वाट्याचे पैसे देऊ केले की देणाऱ्याने ओढलेला पाऊण तास पुसला जातो.

हे सगळं आता फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. कारवार-मंगळूरच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकाच्या मध्यात पर्ससीन जाळी आली आणि काही वर्षांतच रांपणी मागे पडली. पर्ससीनचा विचार तसा रापणीसारखाच आहे: थव्याला वेढा घालायचा. फरक तळाचा. रापणीचा तळ म्हणजे किनाऱ्याची वाळू, म्हणून ती काठ सोडू शकत नाही. पर्ससीनच्या खालच्या काठाला कड्या असतात, कड्यांतून दोर जातो, तो ओढला की बटव्याची नाडी आवळावी तसं जाळं खालून बंद होतं. त्यामुळे ते कितीही खोल पाण्यात टाकता येतं. थवा काठाकडे यायच्या आधीच बाहेर उचलला जातो. दोर यंत्र ओढतं. काठावर उभं राहिलेल्या माणसाचं त्यात काहीच काम नसतं.

गोव्यातल्या रापणकारांनी याच काळात मोठा लढा दिला. गावोगावच्या रापणकारांची एकजूट झाली, माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढे उभे राहिले. मोर्चे, उपोषणं झाली, समुद्रात चकमकीही झाल्या. त्यातून १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. महाराष्ट्रात तो १९८१ मध्ये आला. काठाजवळचं पाणी, इतके वाव खोलीच्या आतलं, ट्रॉलरना बंद. आमच्याकडचे पारंपरिक मच्छीमार मोर्चा काढतात, निवेदनं देतात ती याच पाण्यासाठी. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून पकडायला मनाई केली, २०२१ मध्ये राज्याचा कायदा कडक केला. तरीही देवबागच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की बाहेर समुद्रात उजेडाचा पट्टा दिसलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि सकाळी त्याच किनाऱ्यावर रापण रिकामी आलेलीही पाहिली आहे. मला याचा राग येतो. यंत्रालाच माझा विरोध आहे असं नाही. मामाच्या होडीलाही आता इंजिन आहे आणि त्याच्या खांद्यांना त्याने आराम दिला आहे. पण एका बोटीवरच्या पंचवीस-तीस माणसांनी जी मासळी बाहेरच्या बाहेर उचलली, ती काठावर आली असती तर तिचे किती ढीग पडले असते हे मी मोजलेलं आहे, वाळूवर, बोटाने.

मासळीपेक्षाही आज कमी पडतात ती माणसं. मामाची दोन्ही मुलं पर्यटनात आहेत. एक स्कूबाच्या बोटीवर, एकाने घराच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. त्यांचं बरं चाललं आहे, आणि ते बरं चालावं असंच मला वाटतं. तरी रापण घालायची ठरली की थोरला पहाटे येतो, दोन तास ओढतो आणि आठला पर्यटकांना घेऊन निघतो. मांगर अजून आहे. तौक्ते वादळात त्याचं छप्पर उडालं, ते परत घातलं. आत जाळ्याचा ढीग, आणि ढिगात शोधलं तर एका ठिकाणी गाठीला दोन वेढे असलेला, हाताने विणलेला, रंग गेलेला एक तुकडा सापडतो. बाकीचं सगळं जाळं दोनदा बदललं, हा तुकडा मामा दर वेळी परत जोडतो.

ते जोडपं गेल्यावर दोन दिवसांनी पुन्हा रापण घातली. मीही दोराला होते, खालच्या बाजूला. तांडेलाला पाणी काळं दिसलं होतं, म्हणजे दिसल्यासारखं वाटलं होतं. दीड तास ओढलं. जाळ्यात आल्या जेलीफिश, दहा-बारा केंड आणि दीड टोपली बारीकसारीक मासळी. लिलाव करण्याजोगं काही नव्हतं. कुणी फारसं बोललं नाही. एकाने केंड काढून टाकले, मामाने जाळ्याची फाटलेली जागा शोधून तिला खुणेची चिंधी बांधली, आणि मग वाळूवर ढीग पडले. एकोणीस. प्रत्येकात सात-आठ तारल्या, चार पेडवे, ज्याच्या नशिबात असेल त्याला एखादं मुडदुसं.

एक ढीग मामाने माझ्याकडे दिला, माझ्याशिवायचा. "आजयेक देवन ये."

आजी म्हणजे आमची सख्खी नव्हे. खाडीच्या बाजूला राहते, नव्वदीच्या पुढची. तिचा नवरा माझ्या आजोबांच्या रापणीत होता, त्याला जाऊन पस्तीस वर्षं झाली असतील. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मी पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने हात घालून मासे चाचपले, मोजले, एक तारली उचलून नाकाशी नेली. किती मिळाले, असे कमी का, काही विचारलं नाही.

"दोनय टोकां येकदम लागली काय?"

"लागली आजी. बरोबर लागली."

"मगे बरा," ती म्हणाली, आणि विळी शोधायला तिने हात मागे नेला.